बॅलटरची लाकडी वेटिंग रूम – कोणी पाहिली आहे का?

डी_काठची

२०१३ साली आम्ही स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला आलो. नवऱ्याची नोकरी तेलाच्या धंद्यातली, मला हिंडण्याची हौस. इथून डी नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला सत्तर किलोमीटर गेलं की बॅलटर लागतं. तिथून पुढे तेरा-एक किलोमीटरवर बाल्मोरल, म्हणजे ब्रिटनच्या राजघराण्याचा डोंगरातला वाडा. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो ते वाडा बघायला, आणि मी अडकून पडले बॅलटरच्या स्टेशनात.

गाव सगळं ग्रॅनाइटचं. घरं, कुंपणं, चर्च, सगळीकडे करडा, जड, न झिजणारा दगड. आणि या दगडी गावाच्या मधोमध स्टेशन मात्र लाकडाचं! एकमजली, लांबट. तिथे रेल्वे १८६६ साली पोचली. १८८६ मध्ये स्टेशन नव्याने बांधलं तेव्हा त्यात व्हिक्टोरिया राणीसाठी खास वेटिंग रूम काढली. राणी वसंतात आणि शरद ऋतूत बाल्मोरलला मुक्कामाला यायची. रूळ बॅलटरला संपायचे, पुढे घोडागाडी. या दोन प्रवासांच्या सांध्यावर ती खोली.

मी राजवाडे बरेच पाहिलेत. संगमरवर, झुंबरं, सोनेरी महिरपी बघून माझे डोळे लवकर थकतात. इथे मात्र बराच वेळ नुसती भिंतीकडे बघत राहिले. पाव जगावर सत्ता असलेल्या बाईसाठी बांधलेली खोली, आणि भिंतींना लाकडी तक्तपोशी! लाकूडही परकं, महागडं असायची गरज नव्हती. या भागात डोंगरभर पाइन आहे.

त्यानंतर मी या काळातल्या रेल्वेच्या लाकडी इमारती जिथे दिसतील तिथे थांबून बघू लागले. त्यांची भिंत साधारण अशी असते. आधी सांगाडा, हात-दीड हात अंतरावर उभे धिरे, त्यांना धरून ठेवणारे आडवे आणि तिरके तुकडे. बाहेरून आडव्या फळ्या, वरच्या फळीची कड खालचीवर चढवलेली, म्हणजे पाऊस खवल्यांवरून घसरावा तसा घसरतो. आतून उभ्या फळ्या, एकीच्या कडेची जीभ शेजारणीच्या खाचेत. या आतल्या फळ्यांच्या प्रत्येक सांध्यालगत एक बारीक गोल कंगोरा काढलेला असतो, शिसपेन्सिलीच्या अर्ध्या जाडीचा. मला ती नक्षी वाटली होती. एका म्हाताऱ्या सुताराने समजावलं तेव्हा कळलं. लाकूड दमट हवेत फुगतं, शेकोटी पेटली की आकसतं. आकसलं की सांध्यात फट पडणारच. ती फट सपाट भिंतीत असेल तर डोळ्यात खुपते, कंगोऱ्याला लागून असेल तर त्याच्याच सावलीत विरघळून जाते. म्हणजे भिंत हलणार हे बांधणाऱ्याने आधीच धरलेलं आहे आणि त्या हलण्याला जागा करून दिली आहे. तेव्हापासून मी अशा कुठल्याही खोलीत गेले की आधी त्या कंगोऱ्यावरून बोट फिरवते.

ग्रॅनाइट पायाशी असताना लाकूड का, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मला जी कारणं पटतात ती सांगते. दगड फुकट असला तरी घडवणं फुकट नसतं, आणि ग्रॅनाइट घडवणं तर नाहीच नाही. सुतारांची टोळी त्या मानाने खूप लवकर इमारत उभी करते. आणि थंडी! इथून पुढच्या ब्रेमार गावाला ११ फेब्रुवारी १८९५ रोजी उणे २७.२ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. दगडी भिंत एकदा गारठली की शेकोटीने ऊब यायला अर्धा दिवस जातो. लाकडी खोली अर्ध्या तासात उबदार होते. ज्या खोलीत पाहुणा दहा-पंधरा मिनिटंच थांबणार, तिला हा गुण फार मोठा.

१९६६ च्या फेब्रुवारीत गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले गेले. इमारत मात्र गावाने जपली, पर्यटकांसाठी प्रदर्शन मांडलं. आणि १२ मे २०१५ ला ती पेटली. बराचसा भाग जळून गेला. मी पुढच्याच रविवारी गेले होते. कुंपण घातलेलं होतं, जवळ जाता येत नव्हतं, पण ओल्या कोळशाचा तो वास रस्त्याच्या पलीकडेही येत होता. शेजारी एक आजी उभ्या होत्या. काही न बोलता त्यांनी माझा हात धरला, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

गावाचे भोग तेवढ्यावर संपले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस फ्रँक नावाचं वादळ आलं, डी नदी गावात शिरली. तरीही स्टेशन पुन्हा बांधायचं, आणि जुन्या रूपाबरहुकूम बांधायचं, हे ठरलं आणि २०१८ मध्ये ते उघडलंसुद्धा. आता तिथे वाचनालय आहे, खाण्याची जागा आहे, राणीच्या खोलीचं प्रदर्शन आहे.

आता माझा प्रश्न. काही मित्र म्हणतात, हे १८८६ चं स्टेशन नव्हेच, ही प्रतिकृती आहे. मला ते मान्य नाही. पण मनातून पूर्ण निश्चिंतही नाही, म्हणून इथे लिहिते आहे. शिवाय तुम्ही पाहिलेल्या अशा लाकडी वेटिंग रूम्सबद्दलही वाचायला आवडेल.

पत्रावळ

किती छान लिहिलंय! कंगोऱ्याचं वाचून उठले आणि आमच्या जुन्या कपाटाच्या दाराला हात लावून आले. तिथेही आहे तो. चाळीस वर्षं पुसतेय ते कपाट, कधी विचारच केला नाही.

फिशप्लेट

उत्तम धागा. रेल्वेच्या बाजूने थोडी भर घालतो.

ही लाइन टप्प्याटप्प्याने गेली. १८५३ मध्ये ॲबर्डीनहून बँकरीपर्यंत, १८५९ मध्ये अबॉइनपर्यंत, १८६६ मध्ये बॅलटर. मूळ बेत ब्रेमारपर्यंत जायचा होता. बॅलटरच्या पुढे मातीकामही झालं होतं, त्यावर आज पायवाट आहे. पण रेल्वे बाल्मोरलच्या दारावरून जावी हे राणीला नको होतं, म्हणून ती बॅलटरलाच थांबली. म्हणजे बॅलटर हे शेवटचं स्टेशन झालं ते भूगोलामुळे नव्हे, एका बाईच्या इच्छेमुळे. अशा स्टेशनाला राजेशाही वेटिंग रूम असणं ओघानेच आलं.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. राणी बाल्मोरलला असली की ॲबर्डीनहून बॅलटरला रोज खास ‘मेसेंजर ट्रेन’ धावायची. लंडनहून सरकारी कागदपत्रांच्या पेट्या घेऊन दूत यायचे आणि सह्या झालेले कागद परत न्यायचे. त्यात हिंदुस्थानचे कागद असणारच. त्या लाकडी फलाटावरून आपल्याकडचे किती निर्णय इकडून तिकडे गेले असतील, याचा विचार केला की ती इमारत मला वेगळीच दिसते.

तिसरी गोष्ट रूळप्रेमींसाठी. १९५८ पासून याच मार्गावर ब्रिटिश रेल्वेने बॅटरीवर चालणारी दोन डब्यांची गाडी चालवली. आज जग बॅटरीच्या गाड्यांचं कौतुक करतंय, इथे ती साठ-पासष्ट वर्षांपूर्वी धावत होती. ती गाडी अजून शाबूत आहे, याच खोऱ्यात क्रेथ्सजवळ हौशी मंडळींनी जपली आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझं मत तुमच्या मित्रांसारखं आहे. नवं बांधकाम चांगलं आहे, व्हायलाच हवं होतं. पण इमारत म्हणजे नुसता आकार नव्हे. १८८६ चं लाकूड, त्यावरचे रंगाचे थर, सव्वाशे वर्षांचे ओरखडे, हा एक दस्तऐवज असतो. तो जळाला. नक्कल कितीही शुद्ध असली तरी तिला मूळ कागद म्हणता येत नाही.

रंधा

मी संगमेश्वरकडचा. आजोबा सुतार, वडील सुतार, मी इंजिनिअर झालो पण हात अजून लाकडाकडेच जातो.

ताई, तुमच्या त्या पाइनबद्दल बोलतो. आपल्याकडे सागवानाशिवाय कशालाच लाकूड म्हणत नाहीत. पाइन नरम, त्यात गाठी फार, गाठींत डिंक फार. मग ते असल्या हवेत टिकतं कसं? तीन गोष्टींवर. त्यातल्या दोन आपल्या कोकणातल्या घरात आहेतच : जोतं आणि वळचण.

लाकूड पावसाने मरत नाही, साचलेल्या ओलीने मरतं. म्हणून सगळ्यात खालची आडवी तुळई जमिनीवर टेकवायची नाही, दगडाच्या किंवा विटांच्या जोत्यावर ठेवायची. आणि वरून पाखं एवढं पुढे काढायचं की पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात. फलाटावरचं छप्पर प्रवाशांसाठी असतं हे खरं, पण ते भिंतीसाठीही असतं. जुन्या स्टेशनांवर छपराच्या कडेला दातेरी झालर असते ना? तिचे दात खाली टोकदार का असतात? उभ्या फळीचं तोंड म्हणजे नळ्यांची जुडी, पाणी तिथूनच आत ओढलं जातं. तोंड सपाट कापलं तर थेंब तिथेच लटकून राहतो. टोक काढलं की थेंब धावत टोकाशी येतो आणि गळून पडतो. शोभा त्यातून आपोआप निघाली.

तिसरी गोष्ट रंग, आणि इथे एक गंमतशीर धागा आपल्या देशापर्यंत येतो. पाइनवर थेट रंग लावला तर काही महिन्यांत गाठीच्या जागी पिवळा-तपकिरी डाग फुटून वर येतो. तो डिंक. तो अडवायला त्या काळचे रंगारी प्रत्येक गाठीवर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात मारायचे. लाख म्हणजे आपली पळसा-कुसुंबावरच्या किड्यांची लाख. जगाला ती मुख्यतः हिंदुस्थानातून, कलकत्त्याच्या बंदरातून जायची. त्यावर मग जवसाच्या तेलात घोटलेला सफेद्याचा रंग. म्हणजे त्या काळी रंगवलेल्या विलायती पाइनच्या फळीचा रंग खरवडत गेलात तर तळाशी, गाठीएवढ्या ठिपक्यात, छोटा नागपूरचं जंगल सापडण्याची शक्यता बरीच आहे.

जवसाच्या तेलाचा रंग भिंतीला श्वास घेऊ देतो. हे मी पुस्तकातून नाही शिकलो. आमच्या घराच्या पडवीचे खांब आणि फळ्या दोन पिढ्या तेलावर होत्या, काही झालं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी घाईत एका ठेकेदाराला काम दिलं. त्याने वर चकचकीत प्लास्टिकचा रंग चढवला. दिसायला झकास. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका फळीला अंगठा लावला तर अंगठा आत गेला. रंग शाबूत आणि आत लगदा! ओल आत गेली ती बाहेर पडायला वाटच नव्हती. वडील काही बोलले नाहीत, फक्त ती फळी काढून अंगणात उन्हात ठेवली, आणि रोज येता-जाता मी ती बघावी अशी व्यवस्था केली.

फिशप्लेट साहेब, दस्तऐवजाचं तुमचं म्हणणं समजलं. पण आमच्या घराची कुठली फळी मूळची आहे हे मला सांगता येणार नाही. आजोबांनी काही बदलल्या, वडिलांनी काही, आता मी. मग घर कुठल्या दिवशी जुनं राहिलं नाही?

ओसरी

पुण्यात राहणाऱ्या कोणालाही या प्रश्नाची दोन्ही उत्तरं चालत जाऊन बघता येतात.

शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये जळाला, आग आठवडाभर धुमसत होती म्हणतात. सात मजली लाकडी वैभव गेलं. राहिला तट, दरवाजे आणि जोती. आज आपण मुलांना घेऊन जातो आणि म्हणतो, इथे दिवाणखाना होता, इथे हजारी कारंजं होतं. मुलं जोत्यांवरून उड्या मारतात. वर काय होतं ते त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही, खरं सांगायचं तर आपल्याही येत नाही.

विश्रामबागवाड्याचं वेगळं झालं. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्हींना आग लागली. बुधवारवाडा गेलाच. विश्रामबागचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण तो लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला. आज त्या सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांपुढे उभं राहून कोणी विचारत नाही की यातलं पेशवाईतलं किती आणि नंतरचं किती. आपण म्हणतो, हा बाजीरावाचा विश्रामबागवाडा.

माझा कौल डी_काठची यांच्या बाजूने. जळाल्यावर दोन-तीन वर्षांत, ज्यांनी ती इमारत वापरली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर ती पुन्हा बांधली गेली असेल तर धागा तुटलेला नाही. शंभर वर्षांनी कोणी शनिवारवाडा कल्पनेने बांधायला निघाला तर मी विरोध करीन.

माळरान

लाकडी वेटिंग रूम्सचा विषय निघालाय तर रॅनकला जाऊन याच, हात जोडून सांगते.

ग्लासगोहून फोर्ट विल्यमला जाणारी वेस्ट हायलँड लाइन ७ ऑगस्ट १८९४ ला उघडली. तिची स्टेशनं एका घाटाची : मधोमध एकच फलाट, दोन्ही बाजूंना रूळ, आणि फलाटावर स्विस घरकुलासारखी बसकी इमारत. खाली विटांचं काम, वर भिंतींना लाकडी कौलं. हो, भिंतींना. बोटभर जाडीसुद्धा नसलेल्या लाकडी चकत्या एकावर एक चढवलेल्या. छप्पर चारी बाजूंनी पुढे आलेलं, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं.

त्यातलं रॅनक दलदलीच्या माळावर आहे. तिथे रूळ टाकताना जमीन खालून गिळत होती, म्हणून झाडांच्या फांद्या, झुडपं, माती, राख यांची गादी करून त्यावर लोहमार्ग अक्षरशः तरंगता ठेवला. पैसे संपले तेव्हा रेंटन नावाच्या संचालकाने पदरचे घातले आणि काम तगलं. मजुरांनी एका धोंड्यात त्याचा चेहरा कोरला, तो दगड फलाटाच्या टोकाला आजही आहे. मी तिथे नोव्हेंबरात उतरले. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत काही नाही. वारा असा की बोलता येईना. खोलीत शिरून दार ओढलं आणि वारा बंद! लाकडी खोलीतली शांतता वेगळी असते. दगडी खोलीत आवाज घुमतो, इथे तो भिंतीत मुरतो. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, पण दूरचं झाल्यासारखं.

दुपारची_गाडी

माझी भर छोटी आहे. मनमाडला माझं बालपण गेलं, वडील रेल्वेत. वेटिंग रूम म्हटलं की मला उंच छत, लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि दारावरची ‘फक्त स्त्रियांसाठी’ ही पाटी आठवते. आई त्या पाटीच्या आत गेली की तिचा चेहरा बदलायचा. पदर सैल करायची, बाळाला पाजायची. व्हिक्टोरियन काळातल्या तुमच्या तिकडच्या स्टेशनांवरही अशी वेगळी खोली असायची का?

डी_काठची

@दुपारची_गाडी, हो, असायची, आणि तुम्ही फार मोलाचा प्रश्न काढलात. मी राणीच्या खोलीत इतकी रमले की हे राहूनच गेलं. वर्गवार खोल्या तर होत्याच, पहिल्या वर्गाची वेगळी, सर्वसामान्यांची वेगळी, आणि बऱ्याच स्टेशनांत ‘लेडीज वेटिंग रूम’ वेगळी, तिला जोडून स्वच्छतागृह. त्या काळात घराबाहेर स्त्रियांना अशी सोय जवळजवळ कुठेच नव्हती. बाईमाणसाला एकटीने लांबचा प्रवास करता येण्यामागे इंजिनाइतकाच त्या छोट्या खोलीचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. नकाशात ती खोली नेहमी आडोशाला, फलाटावरून थेट दिसणार नाही अशी. तुमच्या आईंचं वाचून पोटात कालवलं.

@रंधा दादा, लाखेचं वाचल्यापासून मी सैरभैर आहे. आमच्या घरातली जुनी दारं पाइनची आहेत. एका दारावर दोन गाठी रंगातून डोकावताहेत, त्यांच्याकडे आता वेगळ्याच नजरेने बघते.

@माळरान, रॅनक नक्की.

@फिशप्लेट, मेसेंजर ट्रेनबद्दल अगदी खरं. तुमच्या ‘मूळ कागद’ या शब्दावर दोन दिवस विचार करतेय. एक उदाहरण देते, पटतं का पाहा. बाल्मोरलच्या आवारात लोखंडी पत्र्याचा एक बॉलरूम आहे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट याने मँचेस्टरच्या बेलहाउस या कारखानदाराचं असलं बांधकाम पाहिलं आणि मागवून घेतलं. कारखान्यात भाग तयार झाले, इथे येऊन जोडले गेले. अशी इमारत मुळातच सुटे भाग बदलता यावेत म्हणून जन्माला येते. रेल्वेच्या लाकडी इमारतींचंही तसंच. ठरीव मापाच्या फळ्या, ठरीव मापाच्या खिडक्या, एक सडली की काढा, दुसरी घाला. ती कायम नव्यानेच होत असते. मग बहुतेक फळ्या एकदम गेल्या म्हणून ती वेगळी कशी होते?

फिशप्लेट

एकेक फळी बदलते तेव्हा शेजारच्या जुन्या फळ्या साक्षीला असतात. नवी फळी त्यांच्याकडे बघून बसवली जाते. एकदम सगळं गेलं की साक्षीदार उरत नाहीत, उरतात फोटो आणि आराखडे. फरक तिथे आहे.

मी हे कठोरपणे म्हणत नाही. आपल्याकडे भायखळ्याचं १८५३ चं पहिलं स्टेशन लाकडी होतं. मग त्या जागी दगडी इमारत आली, आणि तिच्या दुरुस्तीला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला, ज्याचा मला मुंबईकर म्हणून फार अभिमान आहे. पण त्या लाकडी स्टेशनचं नावही कोणी काढत नाही. लाकडी इमारती अशाच निसटून जातात, म्हणून त्यातलं एकेक मूळ लाकूड मला प्रिय आहे.

आगीबद्दल एक तांत्रिक मुद्दा. बाहेरची फळी आणि आतली फळी यांच्यामध्ये धिऱ्यांची जी पोकळी असते, ती आग लागली की धुराड्याचं काम करते. आग भिंतीच्या आतून वर चढते आणि थेट छपरात निघते. बाहेरून पाणी मारणाऱ्याला ती दिसतच नाही. आज बांधताना त्या पोकळीत ठिकठिकाणी आडवे अडसर घालतात. जुन्या वाड्यांच्या लाकडी पडद्यांनाही हे लागू आहे, ज्यांच्याकडे असतील त्यांनी वायरिंग तपासून घ्या. कळकळीने सांगतोय.

रंधा

साक्षीदाराचा मुद्दा मानला. त्यावर एवढंच, की फळी गेली तरी हात राहिले पाहिजेत. ज्याला खाच-जिभेचा सांधा घालता येतो असा माणूस गावात उरला असेल तर तोही साक्षीदारच. वडील आता ऐंशीचे आहेत. परवा त्यांना हा धागा वाचून दाखवला. कंगोऱ्याच्या भागाशी थांबले, मला पुन्हा वाचायला लावलं. मग माळ्यावरची पेटी काढून आणली. त्यात आजोबांचा कंगोरा काढायचा रंधा निघाला. पातं गंजलंय, पण लाकूड अजून तेलकट, आणि मुठीच्या जागी आजोबांच्या बोटांचा खळगा.

पत्रावळ

दादा, फोटो टाका हो त्याचा!

आणि डी_काठची, राणी तिथे बसायची तरी किती वेळ? एवढ्याशा वेळासाठी एवढी खोली?

डी_काठची

@पत्रावळ, फार वेळ नसेलच. गाडी यायची, मानवंदना व्हायची, घोडागाडी लागायची. पण उंबरठ्याला जे महत्त्व असतं ते या खोलीला होतं. २२ सप्टेंबर १८९६ ला रशियाचा झार दुसरा निकोलस आणि त्याची राणी ॲलेक्झांड्रा याच स्टेशनात उतरले. बाहेर धो-धो पाऊस! अशा वेळी ती लाकडी वळचण झार असो की हमाल, सारखीच उपयोगी. व्हिक्टोरियाबरोबर इथे तिचा आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीमही यायचा. तिला हिंदुस्थानी लिहायला-बोलायला शिकवणारा. बाल्मोरलला त्याच्या नावाचं करीम कॉटेज आहे. राणीची इथून शेवटची गाडी सुटली नोव्हेंबर १९०० मध्ये. पुढच्या जानेवारीत ती गेली.

@फिशप्लेट, तुमचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही, पण ‘साक्षीदार’ हा शब्द मी ठेवून घेतला. त्या रविवारी माझा हात धरणाऱ्या आजी आठवल्या. त्या होत्या साक्षीदार.

काल शनिवारी पुन्हा जाऊन आले. (येणाऱ्यांसाठी : ॲबर्डीनहून २०१ नंबरची बस जाते. चालायचं असेल तर बराचसा जुन्या रूळमार्गावरून जाणारा ‘डीसाइड वे’ आहे, सहासष्ट किलोमीटर.) पाऊस होता. आत वाचनालयात दोन मुलं जमिनीवर पोटावर पडून चित्रांचं पुस्तक बघत होती. त्यांची आई खिडकीशी बसून बसची वाट बघत होती. मी तिला विचारलं, आग लागली तेव्हा तू इथे होतीस का? म्हणाली, शाळेत होते, खिडकीतून धूर दिसला.

मी बाहेर छपराखाली येऊन उभी राहिले आणि रंधा दादांनी सांगितलंय म्हणून पागोळ्या बघत बसले. भिंतीपासून चांगल्या लांब पडत होत्या.

रंधा

पातं घासून घेतलं. वडिलांनी पाइनच्या तुकड्यावर एक हात मारून दाखवला. फोटो रात्री टाकतो.